अँजेला त्रिंदाद: मरियांना दालन, त्रिकोणांना पॅसेज

पणजीत अँजेला त्रिंदादच्या चित्रांचं प्रदर्शन लागलंय. बघायला जाणार असाल तर एक सांगते: खालच्या दालनातच सगळा वेळ घालवू नका. आत एक लाकडी जिना आहे, जिना संपतो तिथे अरुंद पॅसेज आहे आणि प्रदर्शनातली सगळ्यांत धीट चित्रं त्या पॅसेजमध्ये टांगली आहेत. बहुतेक लोक तिथून पुढच्या पाण्याच्या मशीनकडे जातात. मी एका चित्रासमोर उभी असताना एका सद्गृहस्थांनी मला "मॅडम, जरा सरकता का?" म्हटलं. बाटली भरायची होती त्यांना.

मी डिचोलीकडच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. आता निवृत्त आहे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं बसवली, गणपतीची मखरं रंगवून दिली, गावच्या नाटकांचे पडदे सावरले. त्यामुळे चित्रासमोर उभी राहिले की रेघ कुठे ठाम आहे, कुठे अडखळली, कुठे नुसती सवयीने मारली आहे, हे आधी दिसतं. कुठल्या चित्राला लिलावात किती मिळाले यातलं मला काही कळत नाही आणि ते इथे सापडणारही नाही.

गोव्याचे चित्रकार म्हटलं की आमच्याकडे नावं तोंडपाठ येतात. सूझा, गायतोंडे, लक्ष्मण पै. थोडं जास्त वाचणारा आंजेलो द फोन्सेका आणि वामोना नावेलकार ही नावंही घेतो. मग विचारा, "बाई कोण?" एकदम शांतता. कोणीतरी अमृता शेरगिल म्हणतं, तिचा गोव्याशी काही संबंध नसताना. अँजेला 1909 सालची, शेरगिलपेक्षा चार वर्षांनी मोठी. शेरगिल 1941 साली अठ्ठाविसाव्या वर्षी गेली आणि तिची दंतकथा झाली. अँजेला 1980 पर्यंत जगली, तेवढ्या काळात चित्राची पद्धत मुळापासून बदलत राहिली, आणि आपण तिला विसरलो. शेरगिलचं मोठेपण मला मान्यच आहे. पण एका काळात एकाच बाईपुरती जागा असावी असा काहीतरी आपला हिशेब दिसतो.

अँजेलाचा जन्म मुंबईचा. वडील आंतोनियो झेवियर त्रिंदाद (1870–1935) मूळ गोव्याचे, मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथेच शिकवायला राहिले. तैलरंगातली व्यक्तिचित्रं हा त्यांचा हातखंडा. अंधारातून उजेड काढायची त्यांची हातोटी बघून लोक त्यांना पूर्वेचा रेम्ब्रां म्हणायचे. मुलगीही जे. जे.मध्येच शिकली. तेव्हा तिथे ग्लॅडस्टन सॉलोमन हे प्रमुख होते. एकीकडे समोर मॉडेल बसवून काटेकोर अभ्यास, दुसरीकडे भित्तिचित्रांचा वर्ग आणि 'भारतीय शैली'चा आग्रह, अशी दोन्ही वारी त्या काळी एकाच इमारतीत वाहत होती. अँजेलाने दोन्ही घेतली.

त्याच शाळेत आणखी एका मास्तरांची लेक होती, अंबिका धुरंधर (1912–2009), महादेव विश्वनाथ धुरंधरांची मुलगी. दोघींच्या नावांपुढे आजही पहिल्यांदा काय येतं? "यांची कन्या". धुरंधरबाईंबद्दल निदान मराठीत काही लिहिलं गेलं. अँजेलाबद्दल मराठीत शोधायला गेलं तर कोशातल्या नोंदीच्या पलीकडे फारसं हाताला लागत नाही.

आता ह्या प्रदर्शनाचा हेतू हाच असेल की तिला वडिलांच्या सावलीतून बाहेर काढायचं, तर पहिल्याच भिंतीवर वडिलांची चित्रं का? आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला थोरल्या त्रिंदादांची व्यक्तिचित्रं आहेत आणि त्यांच्या मधोमध हिची सुरुवातीची. मांडणारांना 'बघा, कुठून आली' हे दाखवायचं असणार. पण प्रेक्षक काय करतो? तुलना करतो, आणि त्या तुलनेत ती हरते. स्पष्टच लिहिते: तैलरंगातल्या व्यक्तिचित्रात बाप मुलीपेक्षा वरचढ आहे. त्यांच्या चित्रात गालाच्या सावलीतही रक्त फिरतंय असं वाटतं. हिच्या चित्रात चेहरा बरोबर आहे, बैठक बरोबर आहे, कापडाच्या चुण्या तर फारच चांगल्या, पण सावली जरा जास्त स्वच्छ आहे. अभ्यासाचा हात दिसतो. मी परीक्षक असते तर शंभरातले नव्वद दिले असते आणि घरी जाऊन विसरले असते.

एक गोष्ट मात्र ह्या भिंतीवर नीट बघून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. बसलेला माणूस चित्रात कसा बसवलाय ते बघा. डोकं वर, खांदे उतरते, खाली मांडी आणि कापडाचा पसारा. डोळे बारीक करून पाहिलंत तर सगळ्याचा एक त्रिकोण होतो. ही काही त्रिंदादांची युक्ती नव्हे. युरोपात कित्येक शतकं मरिया आणि बाळ येशू असेच बसवत आलेत, आणि जे. जे.मध्ये तेच शिकवायचे. पायाशी रुंद, डोक्याशी निमुळता, म्हणजे आकृती डोलत नाही. मीही मुलांना हेच सांगायचे.

पुढचं दालन मोठं, मरियांचं. तिच्या नावावर आज जी थोडीफार प्रसिद्धी आहे ती ह्याच चित्रांची. साडी नेसलेली मरिया, डोक्यावर पदर, आपल्याकडच्या बाईसारखी मांडी घालून बसलेली, बाळ सावळं. रंग सपाट, छायाप्रकाश जवळजवळ काढून टाकलेला, सगळी भिस्त बाह्यरेषेवर. बापाकडून जे शिकली त्यातलं निम्मं तिने इथे मुद्दाम बाजूला ठेवलंय. घरातला सगळ्यांत भारी दागिना न घालता लग्नाला जाण्याएवढी हिंमत लागते ह्याला.

त्या काळात हे हवेत होतंच. सेल्सो कोस्तांतिनी हे पोपचे प्रतिनिधी म्हणून 1922 ते 1933 चीनमध्ये होते. ख्रिस्ती चित्रं त्या त्या देशाच्या हातांनी, त्या त्या देशाच्या वळणाने व्हावीत असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे सांतइस्तेवचा आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकून आला आणि त्याने साडीतली, गव्हाळ मरिया काढली. गोव्यातल्या धर्ममंडळींना ती रुचली नाही. तो पुण्यात राहिला, 1967 साली तिथेच वारला. आता त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहे. अँजेला आणि फोन्सेका यांना लोक एका दमात एकत्र घेतात. मला तरी दोघांची रेघ वेगळी दिसते. फोन्सेकाची रेघ ओल्या कागदावरून आलेली, कडा विरघळणारी. अँजेलाची कोरडी, ठरवून मारलेली. तिच्या पदराची किनार बोटाने माग काढता येईल अशी आहे.

माझ्याबरोबर आमची शेजारीण आली होती. वाड्यावर सगळे तिला आंटीच म्हणतात. रविवारची मीस कधी न चुकवणारी, आणि चित्र म्हणजे घरच्या ओरातोरमधल्या, म्हणजे ख्रिस्ती देव्हाऱ्यातल्या, तसबिरी एवढीच ओळख. तिला वाटलं होतं मी तिला कुठल्यातरी नागड्या बायकांच्या चित्रांना घेऊन चाललेय. मरियांच्या दालनात शिरल्यावर ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "टीचर, ही आमची सायबीण न्हय गो, ही तुमची लईराय!"

मी मोठ्याने हसले, तिथल्या मुलाने वळून बघितलं. पण आंटी बोलली ते विनोदापुरतं नव्हतं. आम्ही डिचोलीकडची माणसं. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्र सायबीण, म्हणजे मरियाच, ह्या सख्ख्या बहिणी, सात बहिणींतल्या दोघी, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. ईस्टरनंतर म्हापशाला सायबिणीचं फेस्त असतं तेव्हा हिंदू तेल घेऊन रांगेत उभे राहतात. वैशाखात शिरगावला जत्रा, धोंड म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त होमकुंडातून चालत जातात. तेव्हा मरियेला साडी नेसवणं हे मुंबईच्या किंवा रोमच्या प्रेक्षकाला धाडस वाटलं असेल, आमच्या तालुक्यात तो नात्यातला मामला आहे. नवल उलटं आहे. नातं इतकं जुनं असूनही आमच्या इगर्जीतली (चर्चमधली) सायबीण मात्र अजून युरोपी झग्यात, सोनेरी मुकुटात उभी असते. आंटीला मी हे विचारलं. ती म्हणाली, घरात साडी चालते, फेस्ताला नवं फ्रॉकच पाहिजे.

दालन सुंदर आहे, पण सगळ्या मरिया एका ठिकाणी आणून मांडणारांनी तिचं नुकसान केलंय. पाच-सहा चित्रांनंतर पापण्या सारख्याच झुकलेल्या दिसायला लागतात. ओठांचा गोडवा काही ठिकाणी कॅलेंडरच्या वाटेला जातो. त्यातून दिवे मंद, भिंत निळी, कोपऱ्यात मोगऱ्याच्या वासाचं काहीतरी. अहो, हे चॅपल नाही. माणसं आत येऊन हात जोडायला लागली तर चित्र कोण बघणार? एका बाईंनी खरोखर क्रुसाची खूण केली. श्रद्धेला माझा आक्षेप नाही, पण त्या बाईंना विचारलं असतं की चित्रातला हात कसा काढलाय, तर सांगता आलं नसतं. आणि हात बघण्यासारखे आहेत! बाळाला धरणारी बोटं कुठेही कणकेच्या गोळ्यासारखी नाहीत. प्रत्येक बोटाला हाड आहे. तिथे बापाची शिकवण न बोलता डोकावते.

आता तो जिना.

त्रिंदाद हे पोर्तुगीज आडनाव मुळात पवित्र त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांत एकच देव. पुढच्या आयुष्यात अँजेलाने त्रिकोणांवर उभी असलेली एक चित्रपद्धती काढली आणि तिला 'त्रिंदादिझम' असं नाव दिलं. त्यात तिची श्रद्धा आली, आडनाव आलं, आणि घनवादाची, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून मांडायच्या पद्धतीची, भूमितीही आली. भिंतीवरच्या माहितीफलकात याला दोन ओळी दिल्यात, आणि त्यातली एक 'अमूर्ततेकडे प्रवास' अशी. असल्या वाक्याचा काय उपयोग? चित्रात काय चाललंय ते सांगा ना.

मला दिसलं ते असं. आकृती आहेच, बाई बसलेली आहे, डोकं झुकलंय, मूल आहे. पण खांद्यावरून निघालेली तिरकी रेघ खांद्यापाशी थांबत नाही. ती मागच्या भिंतीत शिरते, तिथे दुसऱ्या रेघेला भेटते, आणि भिंतीचाही त्रिकोण होतो. मग त्या प्रत्येक तुकड्यात रंगाची वेगळी चढण. परिणाम असा की बाई मागच्या जागेतून कापून काढलेली वाटत नाही. उजेड तिच्या अंगावरून पुढे वाहत जातो. मरियांच्या चित्रांत बाह्यरेषा कुंपणासारखी ठाम होती, इथे तेच कुंपण तिने स्वतःच्या हाताने मोडलंय.

आणि मग खालची ती पहिली भिंत आठवली. त्रिकोण काही नव्याने आलेला नव्हता. वडिलांच्या व्यक्तिचित्रात तो होता, कपड्याखाली झाकलेला. मरियांमध्येही होता, पदराच्या उतारात. चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात तेव्हा आधी लाकडी चौकट टांगतात, मग तिच्यावर कात्रे, नारळ, सुपाऱ्यांचे घड चढतात आणि चौकट दिसेनाशी होते. अँजेलाने फळं उतरवून चौकट दाखवली. मला वाटतं तिच्या कामातलं सगळ्यांत मोठं पाऊल हेच, आणि ते पडलं तेव्हा ती काही तरुण नव्हती. ज्या वयात चित्रकार आपल्याच खपणाऱ्या चित्रांच्या नकला करत बसतात त्या वयात तिने हे केलं.

याला कोणी 'उशिरा आलेला घनवाद' म्हणून झटकून टाकेल. आपल्याकडे गगनेंद्रनाथ ठाकुरांनी 1920च्या दशकातच घनवादी चित्रं काढली होती हे खरंच आहे. पण अँजेलाचा प्रश्न पिकासोचा नव्हता. एकच वस्तू चार बाजूंनी एकदम दाखवायची तिला गरज वाटत नाही. तिचा चेहरा एकाच बाजूने दिसतो, आणि तो चेहराच राहतो. तिला उजेड आणि आकृती एका विणीत आणायची आहेत. जवळ ठेवायचंच तर जहांगीर साबावालांच्या चित्रांजवळ ठेवा. तेही जे. जे.चे, पुढे पॅरिसला आंद्रे ल्होतकडे शिकले, त्यांच्याही चित्रात जागा पाचरी-पाचरींनी फाकते. साबावालांच्या पाचरींवर जाड जाड पुस्तकं आहेत. त्रिंदादबाईंच्या त्रिकोणांना पाण्याच्या मशीनशेजारची भिंत.

सगळी चित्रं जमली आहेत असं नाही. एका-दोन ठिकाणी पद्धत चित्रावर बसली आहे. त्रिकोण आधी आखले आणि बाई नंतर त्यात कोंबली असं वाटतं. एकाचा निळा-जांभळा रंग तर मला रंगीत काचेच्या खिडकीची स्वस्त आठवण करून देत होता. पण फसलेल्या चित्रातही हात काहीतरी नवीन शोधत असतो. खालच्या मरियांपैकी शेवटच्या दोघींबद्दल मी तसं म्हणणार नाही.

का विसरलो आपण हिला? मुंबईला ती गोव्याची ख्रिस्ती चित्रकार, गोव्याला ती मुंबईत वाढलेली. 1947 साली मुंबईत आधुनिक चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट निघाला. सूझा त्यात पुढे, आणि त्याने तर ख्रिस्तालाच ओरबाडून काढलं. त्या आरडाओरड्यात साडीतली शांत मरिया जुनी वाटली असणार. देवाची चित्रं चर्चमध्ये, कॉन्व्हेंटमध्ये, मिशनच्या छापील कार्डांवर जातात, गॅलरीच्या बाजारात फिरत नाहीत. ज्या चित्राला बाजार नाही त्याच्यावर समीक्षक लिहीत नाही. पुढे ती अमेरिकेला गेली, म्हणजे इथल्या आठवणीतूनही गेली. चित्रं एकत्र राहिली म्हणून निदान आज बोलता तरी येतंय. त्रिंदाद बापलेकीच्या कामाचा मोठा संग्रह फोंताईन्हासमध्ये फुंदासांव ओरियेंतकडे आहे. हे प्रदर्शन बघून भूक चाळवली तर वाट माहीत असावी म्हणून लिहिलं.

तक्रारी आता भराभर उरकते. सगळे फलक इंग्रजीत, मराठी नाही, कोकणीही नाही. आंटीला प्रत्येक फलक मी वाचून दाखवला. गोव्यात गोव्याच्या चित्रकर्तीचं प्रदर्शन भरवायचं आणि तिथल्या शाळेतल्या मुलाला, दुकानदाराला, आंटीला वाचता येणार नाही असं लिहायचं, हे मला कळत नाही. अक्षर इतकं बारीक की चष्मा असूनही वाकावं लागतं, आणि वाकलं की आपलीच सावली फलकावर. काचेवर समोरच्या खिडकीचा उजेड पडतो; दुपारनंतर तीन चित्रं जवळजवळ आरसे होतात. कॅटलॉग छान छापलाय, किंमत माझ्या पेन्शनकडे बघून ठरवलेली नाही. आणि मी शोधत होते ती कच्ची रेखाटनं, त्रिकोण कसा सुचला, आधी काय खोडलं, ते कुठेच नाही. चित्रकाराची वही नसलेलं पुनर्शोधाचं प्रदर्शन मला अर्धवट वाटतं.

चांगलंही सांगते. एवढ्या पावसात आतली हवा कोरडी ठेवलीय, कागदावरच्या कामाला बुरशीचा एक ठिपका दिसला नाही. गोव्यात जून-जुलैत हे सोपं नसतं, माझ्या कपाटातली इंटरमीजिएटची जुनी चित्रं येऊन बघा. तिथे बसणारा मुलगा अल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात शिकतो. विचारलं तर आनंदाने सांगतो, न विचारता मागे मागे फिरत नाही. मी त्याला पाण्याच्या मशीनबद्दल बोलले. तो म्हणाला, "मॅडम, वयल्या भिंतीक तितलीच जागा आसली." मी म्हटलं, मग बाबा, खालच्या चार मरिया उतरव.

प्रवेश फुकट आहे. कदंब स्टँडवर उतरलात तर चालत जाता येतं, छत्री मात्र दारातच ठेवायला लावतात. सकाळी जा, काचेवरचा उजेड तेव्हा कमी असतो. जिना उंच आणि कठडा एकाच बाजूला. गुडघे दुखत असतील तर सांगा, मागच्या अंगणातून वर जायला दुसरी वाट आहे. ती नेमकी पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला निघते, म्हणजे पहिल्यांदा त्रिकोणच लागतात.